वयस्कर आई-बाबा आणि लहान मुलीला घेऊन मोठ्या मॉलमध्ये दिवसभर जायचं असेल तर काय लक्षात ठेवावं?

दुकानं, खाणंपिणं, सिनेमा, मुलांचे खेळ असं सगळं एकाच छताखाली असलेल्या शहरातल्या मोठ्या संकुलात सत्तरीचे आई-बाबा आणि सहा वर्षांची मुलगी यांना घेऊन पहिल्यांदाच जायचंय, दिवस कसा आखावा, असं तुम्ही विचारलंय. मी आईला घेऊन अशा ठिकाणी बऱ्याचदा गेलेय, म्हणून कळकळीने सांगते: दुकानांची यादी नंतर करा, आधी बसायच्या जागा हेरून ठेवा.

पहिल्या खेपेला आम्ही तळमजल्यापासून सुरुवात केली. तीन तासांनी आई एका चपलांच्या दुकानात, माप घ्यायच्या स्टुलावर बसली. चप्पल काढली आणि अंगठ्याने घोटा दाबून पाहिला. बोट उचललं तरी खळगा तसाच. "मी इथंच बसते, तुम्ही या फिरून," म्हणाली. हेच ती तासभर आडून आडून सांगत होती, माझं लक्ष नव्हतं.

यात तिच्या वयाइतकाच त्या इमारतीचाही हात असतो. पुष्कळ ठिकाणी एक सरकता जिना या टोकाला, तर त्याच्या पुढचा त्या टोकाला. वर चढायचं तर प्रत्येक मजला पालथा घालावा लागतो. मोठी दुकानं दोन टोकांना, सिनेमा आणि फूड कोर्ट बहुधा सगळ्यात वर, म्हणजे वाटेतली दुकानं आपसूक नजरेखालून जातात. व्हिक्टर ग्रुएन या व्हिएन्नात जन्मलेल्या वास्तुरचनाकाराने अमेरिकेत मिनेसोटा राज्यात साउथडेल हा बंदिस्त मॉल उभारला, तो 1956 मध्ये सुरू झाला. लोकांनी पायी फिरावं, बसावं, गप्पा माराव्यात असा चौक त्याच्या मनात होता. पुढे बिल्डरांनी त्यातली नुसती विक्रीच उचलली, म्हणून त्याने मॉलशी नातंच नाकारलं. तरी आत शिरल्यावर माणूस आपलं काम विसरून भटकायला लागतो, त्याला 'ग्रुएन ट्रान्सफर' असं त्याचंच नाव चिकटलंय. आपल्याकडे याला चकवा लागणं म्हणतात, मला तोच शब्द जास्त पटतो.

म्हणून लिफ्टने थेट वर जा आणि उतरत या. लिफ्ट बहुतेक वेळा स्वच्छतागृहाच्या बोळात, आडबाजूला असते, सुरक्षारक्षकाला विचारा. सुट्टीचा दिवस टाळा, उघडायच्या वेळीच पोहोचा आणि जेवण गर्दीच्या आधी उरकून घ्या. नाहीतर ताट हातात घेऊन रिकाम्या खुर्चीसाठी ताटकळावं लागतं.

चौकशीच्या टेबलाशी व्हीलचेअर मिळते का, ते आदल्या दिवशी फोन करून विचारा. बाबा नको म्हणतील, तर आग्रह करू नका. पिशव्या ठेवायला म्हणून ती सोबत ढकलत राहा. माझी आई दुसऱ्या मजल्यावर आपणहून बसली.

मुलीला सरकत्या जिन्यावर मधोमध उभं करा, हात धरून. मऊ रबरी चपला मुळीच नकोत, त्या कडेच्या फटीत ओढल्या जातात. तिच्या खिशात तुमचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते आत शिरतानाच ठरवा, पण 'जिन्यापाशी' असं नको, सगळे जिने सारखेच दिसतात. तळमजल्यावरचं चौकशीचं टेबल बरं.

गाडी लावल्यावर खांबावरचा क्रमांक आणि मजला यांचा फोटो काढा. तळघरात मोबाइलचा नकाशा भरवशाचा नसतो. आणि निघताना सगळी वरात खाली नेऊ नका. एकाने गाडी काढून दाराशी आणावी, तोवर बाकीच्यांनी आत बाकावर बसावं. दिवसभरातलं ते शेवटचं चालणंच म्हाताऱ्या पायांना सगळ्यात जड जातं.