वाचकांचे प्रश्न : वीज नसलेल्या ठिकाणी ड्रोनच्या बॅटऱ्या भरताना

प्रश्न : आम्ही जमिनीचे नकाशे तयार करण्यासाठी ड्रोन वापरतो आणि दिवसभर अशा ठिकाणी असतो जिथे वीज नसते. आमच्या बॅटऱ्या चार सेलच्या (१४.८ व्होल्टच्या), ५००० मिलीअँपिअर-तास क्षमतेच्या, म्हणजे प्रत्येकी ७४ वॅट-तासांच्या आहेत. ५०० वॅट-तासांचे पोर्टेबल पॉवर स्टेशन (वीज साठवणारी मोठी बॅटरी-पेटी) सोबत नेले, तर सहा बॅटऱ्या सहज भरतील असा हिशेब होता. प्रत्यक्षात चार भरल्या आणि पाचवी अर्ध्यावर राहिली. शिवाय ड्रोन उतरल्याबरोबर काढलेली बॅटरी लावली की चार्जरचा दिवा नुसता लुकलुकत राहतो. पॉवर स्टेशन सदोष आहे का? गाडीच्या बॅटरीवरून चार्जिंग केले तर चालेल का?

उत्तर : आपण दिलेल्या माहितीवरून पॉवर स्टेशनमध्ये दोष दिसत नाही. हिशेब वॅट-तासांत मांडलात, हे योग्यच केलेत. फक्त त्यातून वाटेत खर्च होणारी वीज वजा करायची राहून गेली. पॉवर स्टेशनच्या आत डीसी, म्हणजे बॅटरीसारखी एकाच दिशेने वाहणारी वीज साठवलेली असते. इन्व्हर्टर तिचे एसीमध्ये, म्हणजे घरातल्या सॉकेटसारख्या विजेत रूपांतर करतो आणि तीच वीज आपला चार्जर पुन्हा डीसी करून बॅटरीत भरतो. इन्व्हर्टरमध्ये साधारण १५ टक्के आणि चार्जरमध्ये आणखी १० ते १५ टक्के वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते, त्यामुळे ५०० पैकी पावणेचारशेच्या आसपासच वॅट-तास हाती उरतात. त्यातच इन्व्हर्टर नुसता चालू राहिला तरी तो स्वतःसाठी दहा वॅटच्या आसपास वीज घेऊ शकतो, आणि सकाळी सुरू करून दुपारपर्यंत तसाच ठेवला, तर त्यात ५० वॅट-तास सहज जातात. उरलेल्या सव्वातीनशे वॅट-तासांत चार बॅटऱ्या आणि पाचवीचा काही भाग एवढेच बसते, आणि आपला अनुभव नेमका तोच आहे.

यावर उपाय आहे. चार्जर १२ व्होल्ट डीसीवर चालणारा असेल, तर तो थेट पॉवर स्टेशनच्या डीसी जोडणीवर लावावा आणि इन्व्हर्टरचे बटण बंदच ठेवावे. एवढ्यानेही त्याच साठ्यातून साधारण एक बॅटरी जास्त भरते. मात्र ही जोडणी बहुधा दहा अँपिअरपुरतीच, म्हणजे सुमारे १२० वॅटची असते. आपली बॅटरी तासाभरात भरायची तर चार्जरला ८५ ते १०० वॅट लागतात, म्हणून तिथून एका वेळी एकच बॅटरी भरावी.

चार्जिंगच्या वेळेचीही बचत करता येते. प्रत्येक सेल ४.२ व्होल्टपर्यंत पोहोचेपर्यंत प्रवाह एकसारखा राहतो, पण त्यानंतर तो हळूहळू कमी होत जातो, आणि शेवटचे थोडेसे टक्के भरायलाच खूप वेळ लागतो. कामाच्या जागी ९० ते ९५ टक्क्यांवर बॅटरी काढून घेतली, तर उड्डाणात एखाद-दोन मिनिटेच कमी होतात. त्याच वेळी चार्जरच्या पडद्यावर सेलचे आकडे जरूर पाहावेत. ४.१८, ४.१८, ४.१७, ४.१८ असे दिसत असतील तर काळजी नाही; मात्र एक सेल ४.०५ वर रेंगाळत असेल आणि पुढच्या वेळीही तोच मागे राहत असेल, तर ती बॅटरी कामातून बाजूला काढावी.

आता लुकलुकणाऱ्या दिव्याविषयी. उड्डाणात मोठा प्रवाह खेचला गेल्याने उतरलेली बॅटरी तापलेली असते, आणि तापमान साधारण ४० ते ४५ अंशांच्या खाली येईपर्यंत तिचे संरक्षक सर्किट चार्जिंग सुरूच होऊ देत नाही. हा बिघाड नाही, तर बॅटरीच्या आयुष्याची राखण आहे. बॅटरी सावलीत, वारा लागेल अशी वीस मिनिटे ठेवावी. बर्फाच्या पेटीत किंवा ओल्या फडक्यात मात्र ठेवू नये, कारण तिच्यावर साचलेले दव जोडण्यांत शिरते. थंडीत याच्या उलट काळजी घ्यावी लागते : शून्य अंशाखाली ड्रोनच्या या लिथियमच्या बॅटऱ्या भरल्या, तर धातुरूप लिथियम आतल्या पट्ट्यांवर साचते आणि हे नुकसान कायमचे असते.

गाडीच्या बॅटरीवरून चार्जिंग करता येते, पण बेताने. १२ व्होल्ट, ६० अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदोपत्री ७२० वॅट-तास असतात, तरी ती इंजिन सुरू करताना काही क्षण प्रचंड प्रवाह देण्यासाठी बनवलेली असते आणि तिला खोलवर उपसणे सोसत नाही. इंजिन बंद ठेवून तिच्यातून फार तर एखाद-दोन बॅटऱ्या भराव्यात. जास्त हव्या असतील, तर गाडी उघड्यावर उभी करून इंजिन चालू ठेवावे. सिगारेट लायटरच्या जोडणीचा फ्यूज बहुधा १० ते १५ अँपिअरचा असतो, त्यामुळे तिथे ३०० वॅटचा इन्व्हर्टर लावू नये. चार्जर बंद गाडीत सीटवर ठेवून आपण ड्रोन उडवायला निघून जाणे, हे तर कधीही करू नये. चार्जिंग उघड्यावर, वाळलेल्या गवतापासून दूर, न पेटणाऱ्या पृष्ठभागावर आणि एका माणसाच्या नजरेसमोर व्हायला हवे. फुगलेली बॅटरी चार्जरला लावूच नये.

आमचे स्पष्ट मत असे की, दिवसाची उड्डाणे आठ-दहाच्या आत असतील, तर मोठे पॉवर स्टेशन घेण्याऐवजी जादा बॅटऱ्या घ्याव्यात. आपल्यासारखी बॅटरी सुमारे अर्धा किलोची असते आणि रात्री विजेवर भरून नेली की वाटेत काही गळत नाही. ५०० वॅट-तासांचे पॉवर स्टेशन मात्र सहा-सात किलोंचे असते. सतत उडवायचे असेल, तर वीस मिनिटे उड्डाण, वीस मिनिटे थंड होणे आणि तासभर चार्जिंग या चक्राला किमान पाच बॅटऱ्या लागतात, आणि कोणत्याही वेळी तीन चार्जरवर असतात. म्हणजे अडीचशे ते तीनशे वॅट सतत हवेत, आणि आपले पॉवर स्टेशन ते दोन तासही पुरवू शकणार नाही. काम संपल्यावर उरलेल्या भरलेल्या बॅटऱ्या तशाच आठवडाभर ठेवू नयेत. प्रत्येक सेल ३.८ ते ३.८५ व्होल्टवर आणून ठेवावा.

प्रश्न : माझी पॉवर बँक २०,००० मिलीअँपिअर-तासांची आहे आणि ड्रोनची बॅटरी ५००० ची. मग चार वेळा का भरत नाही?

उत्तर : पॉवर बँकेवरचा आकडा ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो, म्हणून तिच्यात २० गुणिले ३.७, म्हणजे ७४ वॅट-तास असतात. आपली बॅटरी चार सेलची, १४.८ व्होल्टची असेल, तर तिच्यातही तेवढेच मावतात, आणि रूपांतरात जाणारी वीज वजा केली की एकदाही ती पूर्ण भरणार नाही. ५००० चीच पण एक सेलची बॅटरी असलेल्या छोट्या ड्रोनसाठी मात्र हीच पॉवर बँक तीन वेळा पुरेल.