'हा'ने सुरू होणारी जपानी गाणी 'मा'च्या आधी का येतात?

एका वाचकांनी असा प्रश्न पाठवला आहे: जपानी शालेय गीतांच्या एका संग्रहाच्या सूचीत 'हातो', 'हाना', 'हारु गा किता' ही 'हा'ने सुरू होणारी गाणी अगदी शेवटी येतील अशी त्यांची अपेक्षा होती, कारण आपल्याकडे 'ह' वर्णमालेच्या टोकाला आहे, प्रत्यक्षात ती 'ना'ची गाणी संपल्यावर आणि 'मा'ची सुरू होण्यापूर्वी सापडली. असे का, आणि या गाण्यांना "'ह' या अल्फाबेटने सुरू होणारी गाणी" म्हटले तर चालेल का?

चालणार नाही, आणि दुसरा भाग आधी निकालात काढतो, कारण हा प्रयोग आता इतक्यांदा कानांवर येतो की गप्प राहणे अवघड झाले आहे. 'अल्फा' आणि 'बीटा' या पहिल्या दोन ग्रीक अक्षरांच्या नावांवरून सबंध मालिकेला अल्फाबेट हे नाव पडले. एका अक्षराला अल्फाबेट म्हणणे म्हणजे एका मण्याला माळ म्हणणे होय. आपल्याकडे नेमके शब्द असताना ही उसनवारी कशासाठी? 'ह्' हा वर्ण आहे आणि 'हा' हे अक्षर आहे. "सव्यञ्जनः सानुस्वारः शुद्धो वापि स्वरोऽक्षरम्", म्हणजे व्यंजनासह, अनुस्वारासह किंवा एकटा असलेला स्वर म्हणजे अक्षर, अशी व्याख्या ऋक्प्रातिशाख्यात, म्हणजे ऋग्वेदाच्या उच्चारणाविषयीच्या प्राचीन ग्रंथात, दिलेली आहे. जपानी काना लिपीत 'हा' या चिन्हातून 'ह्' वेगळा काढताच येत नाही, त्यामुळे ही व्याख्या तिला मराठीइतकीच चपखल बसते. काटेकोरपणे पाहिले तर काना चिन्ह एक मात्रा दाखवते, कारण दीर्घ स्वराचा उत्तरार्ध आणि शब्दाच्या शेवटचा 'न' यांनाही तिथे स्वतंत्र चिन्ह मिळते; पण गाण्याच्या पहिल्या ध्वनीपुरते 'अक्षर' म्हणणे पूर्णपणे योग्य आहे.

आता क्रमाकडे वळतो. जपानी सूचीचा क्रम 'गोज्यूओन', म्हणजे पन्नास ध्वनी, या तक्त्याचा असतो. त्याचे स्वर आ, इ, उ, ए, ओ असे आहेत आणि ओळी आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा अशा आहेत. हा क्रम मोठ्याने म्हणून पाहिला की क, च, त, न, प, म, य, र, व ही आपलीच वर्णमाला ऐकू येते. जपानीत मूर्धन्य ध्वनी नाहीत, म्हणून ट-वर्ग गळला. 'ता'च्या मागून तिचे अनुनासिक 'ना' आले आणि 'हा'च्या मागून 'मा' आले. 'सा' ही ओळ 'च'च्या जागी बसली आहे, कारण त्या काळी तिचा उच्चार 'च' किंवा 'त्स'च्या जवळचा असावा असे बहुतेक अभ्यासक मानतात. ८०६ मध्ये चीनहून परतलेल्या कूकाई या भिक्षूने सिद्धम् या संस्कृत लिहिण्याच्या भारतीय लिपीचा अभ्यास जपानात रुजवला आणि त्या परंपरेतल्या भिक्षूंनी संस्कृत वर्णांच्या साच्यात आपले ध्वनी मांडले. अकराव्या शतकापासून असे तक्ते आढळतात.

मग 'मा'च्या आधी 'पा' हवी, तिथे 'हा' कशी आली? या प्रश्नाच्या उत्तराइतके सुंदर उत्तर शब्दांच्या अभ्यासात मला फार थोड्या वेळा मिळाले आहे. ती 'पा'च होती. 'पा' शिथिल होऊन ओठांतून फुंकरीसारखी निघणारी 'फा' झाली आणि 'फा'ची पुढे 'हा' झाली. बौद्ध ग्रंथांतून गेलेले आपले शब्दच याची साक्ष देतात: चिनी लिप्यंतराच्या वाटेने गेलेली 'प्रज्ञापारमिता' जपानी मठात आज 'हान्न्या हारामित्ता' म्हणून पठण केली जाते, आणि भिक्षूचे 'पात्र' तिथे 'हाचि' झाले आहे. सोळाव्या शतकात सम्राट गो-नारा यांच्या नावावरील संग्रहात एक कोडे आहे: आईशी दोनदा भेट होते, वडिलांशी एकदाही होत नाही, ते काय? उत्तर आहे, ओठ. आईला 'हाहा' म्हणतात आणि वडिलांना 'चिचि'. 'हाहा' म्हणताना ओठ जवळ येतच नाहीत, त्यामुळे तो शब्द 'फाफा' असा उच्चारला जात होता असे मानल्याशिवाय कोडे सुटत नाही. १६०३ मध्ये नागासाकीला छापलेल्या पोर्तुगीज मिशनऱ्यांच्या शब्दकोशात फुलाचा शब्द 'फाना' असाच दिला आहे. मिशनऱ्यांचा हा छापखाना गोव्यामार्गे १५९० मध्ये जपानात पोहोचला होता, आणि त्याच सुमारास गोव्यात 'ख्रिस्तपुराण'कार फादर स्टीफन्स मराठी शब्द रोमन लिपीत बसवत होते, हे आठवले की मन हरखून जाते. दक्षिणेकडच्या मियाको आणि याएयामा बेटांवरच्या बोलींत तर फूल अजून 'पाना' आहे. (त्याचा आपल्या 'पाना'शी काहीही संबंध नाही, हे कृपया लक्षात ठेवावे.)

सोलापूर-सांगलीच्या वाचकांना हा बदल परका वाटू नये. कन्नडनेही हेच केले: 'पळ्ळि'ची 'हळ्ळि' झाली, 'पंपे'ची 'हंपे' झाली आणि तमिळमध्ये 'पाल्' राहिलेले दूध कन्नडमध्ये 'हालु' झाले.

गाण्यांतच हा इतिहास ऐकू येतो. ओळीचे तिसरे अक्षर आजही 'हु' नसून 'फु' आहे, म्हणून १९१४ चे 'फुरुसातो' हे गाणे 'हा'च्या ओळीत बसते. १९११ च्या 'हातो' (कबूतर) या बालगीतात पक्ष्याचे नाव 'ह'ने सुरू होते, पण त्याचे घुमणे 'पोप्पो' असेच आहे, कारण अनुकरणवाचक शब्द ध्वनिबदलाला सहसा दाद देत नाहीत. १८८१ च्या 'होतारु नो हिकारि'मधला 'हिकारि' म्हणजे प्रकाश आणि लखलखाटाचा 'पिका' हे एकाच मुळाचे आहेत. पिकाचू मुलांना ठाऊक असतो, पण त्याची ही भावंडे ठाऊक नसतात. सर्वांत मोहक उदाहरण २०११ च्या भूकंपानंतर लोकांना धीर देण्यासाठी रचलेल्या 'हाना वा साकु' या गाण्याचे आहे. ते निव्वळ काना लिपीत लिहिले तर पहिले आणि तिसरे चिन्ह एकच असते, आणि तरी पहिले 'हा' वाचतात आणि तिसरे 'वा', कारण मधल्या स्थानी 'फा'ची 'वा' झाली आणि या प्रत्ययापुरते जुने लेखन तसेच ठेवले गेले.

इथे दोन मतांना स्पष्ट विरोध नोंदवणे भाग आहे. जपानी लिपी आपल्या लिपीपासून निघाली असे मराठीत अभिमानाने लिहिले जाते. ते साफ चूक आहे. काना चिन्हे चिनी अक्षरांच्या झरझर लेखनातून आणि तुकड्यांतून घडली. आपला आहे तो क्रम, आणि तेवढे सत्य पुरेसे मोठे आहे. उलट बाजूने, हा तक्ता केवळ चिनी उच्चार फोडून दाखवण्याच्या पद्धतीतून निघाला असे म्हणणारे अभ्यासक आहेत. अगदी जुन्या तक्त्यांत स्वरांचा क्रम वेगळा होता हा त्यांचा मुद्दा खरा आहे, परंतु त्यावरून फार तर तक्त्याची सुरुवात सिद्ध होते. 'ता'नंतर 'ना' आणि 'हा'नंतर 'मा' ही स्पर्श-अनुनासिकांची जोडी चिनी पद्धतीतून आपोआप हाती लागत नाही. ती स्थान-प्रयत्न, म्हणजे ध्वनी तोंडात कुठे आणि कसा निघतो हे, जाणणाऱ्या संस्कृत व्याकरणातूनच येते.

'हा'च्या याच शब्दांत माझ्या विशेष जिव्हाळ्याचा एक शब्द आहे: 'हाता', म्हणजे ध्वज. १९११ चे 'हिनोमारु नो हाता' हे बालगीत सूर्यध्वजाचे आहे. अनेक कोशकार 'हाता' हा शब्द फडफडण्याच्या आवाजावरून आला असे सांगतात. मला ते पटत नाही. जुने रूप 'पाता' धरले की 'पताका' समोर उभी राहते. हे 'पाना'सारखे नुसते ध्वनिसाम्य नसावे, कारण इथे वस्तूचा प्रवास नोंदलेला आहे: ५५२ मध्ये कोरियातील बेक्जेच्या राजाने बुद्धमूर्तीबरोबर पताका आणि छत्रे पाठवली असे 'निहोन शोकि' या जपानच्या प्राचीन इतिहासग्रंथात म्हटले आहे, आणि त्या पताकांसाठी वापरलेले चिनी अक्षर जपानी लोक 'हाता' असेच वाचतात. पात्र आले तेव्हा नाव घेऊन आले; पताकेनेही तसेच केले असावे, असे माझे मत आहे. शेवटचा 'का' कुठे गेला हा आक्षेप मला मान्य आहे, म्हणून हे सिद्ध झाले आहे असे मी म्हणत नाही.

सूची वापरताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जपानीत 'का'ला दोन टिंबे दिली की 'गा' होते, 'ता'ला दिली की 'दा', आणि 'हा'ला दिली की 'बा', कारण ती मुळात 'पा' होती. लहान वर्तुळ दिले की जुनी 'पा' परत मिळते. सूचीत क्रम लावताना ही टिंबे आणि वर्तुळे आधी दुर्लक्षित करतात. त्यामुळे १९६६ चे 'बारा गा साइता' आणि २०१८ चे 'पापुरिका' ही गाणी वेगळ्या ओळीत शोधू नयेत. ती याच गाण्यांत मिसळलेली असतात, आणि क्रम असा लागतो: हातो, हाना, पापुरिका, बारा गा साइता, हारु गा किता.