अकरा टीव्ही आणि दीड लाखाचा हप्ता

नाशिकच्या एका वाचकांचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं:

‘वय ५१, हातात पगार ९५ हजार, साठाव्या वर्षी निवृत्ती. घरकर्ज २४ लाख बाकी, व्याज पावणेनऊ टक्के, हप्ता तीस हजार, अजून दहा वर्षं. पत्नी गृहिणी, मुलगी नववीत. मला जुन्या टीव्ही सेटचा नाद आहे. व्हॉल्व्हचे (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांचे) दोन सेट मी स्वतः चालू केले आहेत. आता ठाण्यातले एक संग्राहक वारले, त्यांच्या घरचे अकरा सेट पावणेचार लाखांत मिळतायत. त्यातला एक लाकडी सरकत्या दारांचा ईसी टीव्ही (सरकारी ईसीआयएल कंपनीचा) अगदी आमच्या गिरगावच्या चाळीत होता तसा आहे. दुरुस्तीला दोन लाख धरलेत. मध्यस्थ म्हणतो, पाच वर्षांत बारा लाख कुठे गेले नाहीत, शिवाय शूटिंगला भाड्याने जातील. घरकर्जावर सहा लाखांचं टॉप-अप, म्हणजे वाढीव कर्ज, साडेनऊ टक्क्यांनी मिळतंय. ते घेऊ की म्युच्युअल फंडातले सहा लाख काढू? विम्याची काळजी नाही. बँकेतून दीड लाख हप्त्याची पॉलिसी घेतली आहे, बारा वर्षं भरायचे, विसाव्या वर्षी दुप्पट, म्हणजे ३६ लाख. १५ लाखांचं कव्हर आहे. तीन हप्ते झाले, चौथा दोन महिन्यांनी आहे. मध्ये बंद करावीशी वाटली, पण सव्वादोन लाखच परत मिळतील म्हणाले, म्हणून चालू ठेवली.’

तुमच्या प्रश्नाचं उत्तर लहान आहे. टॉप-अप घेऊ नका आणि म्युच्युअल फंडालाही हात लावू नका. सहा लाखांचं कर्ज पाच वर्षांत फेडायचं तर महिन्याला साडेबारा हजारांच्या वर हप्ता बसेल. घरकर्जाचा धरून त्रेचाळीस हजार, म्हणजे पगारातला जवळजवळ निम्मा. पावणेचार अधिक दोन अधिक व्याजाचे दीड लाख, म्हणजे हे अकरा सेट तुम्हाला सव्वासात लाखांना पडतील. आता ‘बारा लाख’ हा आकडा कुठून आला ते मध्यस्थाला विचारा. मागच्या दोन वर्षांत असा कुठला सेट, कुणाला, किती रुपयांना विकला, एवढं एक उदाहरण त्याने द्यावं. तो देणार नाही, कारण पावणेचारचे पाच वर्षांत बारा म्हणजे वर्षाला पंचवीस टक्क्यांच्या वर वाढ.

संग्रहाबद्दल चार शब्द, कारण हा विषय मलाही जवळचा आहे. माझ्या मामांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं आणि शाळेच्या सुट्ट्या मी तिथे घालवल्या. तुम्ही पाठवलेल्या यादीत सात सेट १९८२ नंतरचे ब्लॅक अँड व्हाइट आहेत. त्या वर्षी रंगीत प्रक्षेपण आलं, एशियाड झालं आणि पुढच्या काही वर्षांत देशात लाखांनी सेट खपले. ते आज दिसत नाहीत कारण भंगारात गेले, त्यांना कुणी गिऱ्हाईक शोधतंय म्हणून नव्हे. १९३०चा बेअर्डचा टेलिव्हायजर किंवा १९३९चा झाकणात आरसा असलेला आरसीएचा टीआरके-१२ यांच्यासाठी जगभरातली संग्रहालयं आणि संग्राहक थांबलेले असतात. आपल्याकडच्या ऐंशीच्या दशकातल्या सेटसाठी अशी रांग नाही. आठव्या सेटपुढे ‘१९६८, मुंबईत वापरलेला’ असं लिहिलंय. मुंबईत प्रक्षेपणच २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं. त्याआधी भारतात टीव्ही दिसायचा तो दिल्लीत, १५ सप्टेंबर १९५९पासून. तेव्हा एक तर साल चुकीचं आहे किंवा गाव. उरलेले तीन सेट मात्र खरंच बघण्यासारखे आहेत.

दोन लाखांत अकरा सेट चालू होतील हा तुमचा अंदाजही मला पटत नाही. कंडेन्सर बदलता येतात, व्हॉल्व्ह शोधले तर जुन्या साठ्यात सापडतात. ईएचटी, म्हणजे ट्यूबला उच्च व्होल्टेज देणारा ट्रान्सफॉर्मर, जळालेला असला की काम अडतं, आणि पिक्चर ट्यूब उतरलेली असली तर संपलंच, कारण घरगुती टीव्हीसाठी नवी ट्यूब आता कुणी बनवत नाही. ट्यूबला जोर देणारा बूस्टर लावून चार महिने चित्र उजळतं, पुन्हा राखाडी. म्हणजे दोन सेट मोडून एक उभा राहणार. आणि शूटिंगवाल्यांना बहुतेक वेळा मागे भिंतीला टेकवायला टीव्हीचं नुसतं कपाट हवं असतं, आतली ट्यूब चालते की नाही याचे ते जास्त पैसे देणार नाहीत. त्यातून कर्ज काढून, भाड्याने देऊन, नफ्यासाठी विकायचं म्हटलं की तो धंदा झाला. वापरातली घरची वस्तू विकली असं सांगून करातून सुटता येणार नाही.

हे झालं टीव्हीचं. मला झोप लागू देत नाही ती तुमच्या पत्रातली शेवटाकडची ओळ: ‘विम्याची काळजी नाही.’

उद्या तुम्हाला काही झालं तर १५ लाख येतील. बँकेचे २४ लाख बाकी आहेत. म्हणजे पॉलिसीचे सगळे पैसे देऊनही वहिनींच्या डोक्यावर नऊ लाखांचं कर्ज उरेल, आणि मुलीचं शिक्षण व घरखर्च पुढे आहेच. फंडातले सहा लाख ओतले तरी घर मोकळं होत नाही. वर्षाला दीड लाख भरून तुम्ही जो विमा घेतलाय, तो तुमचं घरही वाचवू शकत नाही.

‘दुप्पट’ या शब्दाने किती घरं फसली आहेत! १८ लाखांचे ३६ लाख, पण किती वर्षांत? पहिला हप्ता वीस वर्षं अडकतो, शेवटचा नऊ. सरासरी साडेचौदा वर्षं. तेवढ्या काळात दुप्पट म्हणजे वर्षाला पाच टक्केही नाहीत. हेच दीड लाख बारा वर्षं पीपीएफमध्ये टाकले असते, पुढे खातं वाढवून ठेवलं असतं, आणि आजचा ७.१ टक्के दर टिकला असता, तर विसाव्या वर्षी पन्नास लाख झाले असते. चौदा लाखांचा फरक. ज्याने ही पॉलिसी ‘एफडीसारखीच, वर विमा फुकट’ म्हणून तुमच्या गळ्यात मारली, त्याने स्वतःचं टार्गेट पूर्ण केलं. अशी पत्रं मला दर आठवड्याला येतात आणि प्रत्येक वेळी संताप येतो, कारण फसणारी माणसं हप्ता चुकू न देणारी, सरळमार्गी असतात.

‘सव्वादोन लाखच मिळतील म्हणून चालू ठेवली’ हे मात्र तुमचं चुकलं. गेलेले सव्वादोन लाख गेले, ते हप्ते भरून परत येत नाहीत. हिशेब आजपासून करा. आज हातात येऊ शकणारे सव्वादोन लाख आणि पुढचे नऊ हप्ते यांवर ही पॉलिसी तुम्हाला साधारण सव्वासहा टक्के देणार आहे. घरकर्जावर तुम्ही पावणेनऊ टक्के भरताय. एका खिशात सव्वासहा टाकायचे आणि दुसऱ्यातून पावणेनऊ काढायचे, असं कर्ज फिटेपर्यंत चालवणार का?

तर क्रम असा ठेवा, आणि तो उलटा करू नका. आधी एक कोटीचा साधा टर्म इन्शुरन्स (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा), वयाच्या ६१-६२पर्यंत. तब्येत ठीक असेल तर हप्ता वर्षाला चाळीस-पन्नास हजारांच्या घरात यावा. साखर, रक्तदाब, जे असेल ते अर्जात खरं लिहा. ती पॉलिसी हातात पडल्यावरच जुनी सरेंडर करा, म्हणजे मुदतीआधी बंद करा. चौथा हप्ता दोन महिन्यांवर आहे, म्हणून अर्ज याच आठवड्यात जाऊ दे. आलेले सव्वादोन लाख थेट घरकर्जात भरा. हप्त्याच्या दीड लाखातून टर्मचे पैसे वजा जाता जो लाखभर उरेल, तोही दरवर्षी कर्जात घाला.

हे का सांगतोय ते बघा. तुमचं कर्ज आज आहे तसं चाललं तर ६१व्या वर्षी फिटेल. निवृत्ती साठाव्या वर्षी. शेवटचे बारा हप्ते कुठल्या पगारातून देणार होता? वरच्या पद्धतीने ते सव्वासहा-साडेसहा वर्षांत संपतं, तुम्ही अठ्ठावन्नचे व्हायच्या आत. त्यानंतरची दोन-अडीच वर्षं महिन्याचे तीस हजार अधिक तो लाखभर रुपये मोकळे, आणि नेमकी तीच वर्षं मुलीच्या पुढच्या शिक्षणाची असतील.

बँकेच्या माणसाने व्हॉट्सअ‍ॅपवर ‘एफडी’ असा शब्द लिहिलेला मेसेज सापडला तर जपून ठेवा. आधी विमा कंपनीकडे लेखी तक्रार, मग ‘बिमा भरोसा’ पोर्टल, तिथेही दाद लागली नाही तर विमा लोकपाल. मिळेलच असं सांगत नाही, पण तक्रारीला पैसे पडत नाहीत. आरोग्य विमा फक्त कंपनीचा असेल तर तुम्हा तिघांचा वेगळा आताच घ्या. साठीनंतर तो नव्याने काढायला गेलात तर महाग पडेल आणि अटीही जास्त लागतील.

राहिला तो ईसी टीव्ही. चाळीतल्या त्या सेटबद्दल तुम्ही जे लिहिलंय ते वाचून मी थांबलो होतो. तो एकटा मागा. अकराच्या हिशेबाने एक सेट चौतीस हजारांना पडतो. एकट्याला ते जास्त सांगतील, पण चाळीस हजारांच्या वर जाऊ नका आणि पैसे पगारातून तीन-चार महिने बाजूला काढून द्या. ते हौसेचे पैसे आहेत, परत येणार नाहीत असं धरूनच द्या. सौद्याआधी मागचं झाकण उघडून ट्यूबच्या मानेचा आणि ईएचटीचा फोटो मागवा. मानेच्या आतल्या बाजूला चकचकीत काळपट आरशासारखा जो थर असतो, तो पांढरा पडला असेल तर ट्यूबमध्ये हवा शिरली आहे. मग फक्त कपाटाचे पैसे द्या.

आणि घरी आणल्यावर लगेच प्लग लावू नका. तुम्हाला माहीत असेल, तरी सांगतो. आधी कंडेन्सर तपासा, मग सिरीज बल्ब लावून डिमरस्टॅटवर हळूहळू व्होल्टेज चढवा. चेसिस (आतला धातूचा सांगाडा) थेट मेन्सला जोडलेली असू शकते, आणि बंद सेटच्या ट्यूबमध्येही चार्ज राहतो. मुलीला बघायला बसवायचं असेल तर झाकण लावल्यानंतर बसवा.