‘व्हेअर इज द बस’ की ‘व्हेअर द बस इज’?

प्रश्न : मी नाशिकरोडच्या एका हॉटेलच्या रिसेप्शनवर काम करते. त्र्यंबकेश्वरला जाणारे परप्रांतीय आणि परदेशी पाहुणे सतत काही ना काही विचारत असतात. ‘आय डोन्ट नो व्हेन विल द बस कम’, ‘कॅन यू टेल मी व्हेअर डू यू वॉन्ट टू गो’ अशी वाक्ये माझ्या तोंडून सहज निघतात. एका पाहुण्यांनी पहिले वाक्य ‘आय डोन्ट नो व्हेन द बस विल कम’ असे दुरुस्त करून दिले. शाळेत मात्र ‘व्हेन’च्या पुढे ‘विल’ येत नाही, असे शिकल्याचे आठवते. नेमके बरोबर काय? — एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : पाहुण्यांची दुरुस्ती बरोबर आहे आणि शाळेतला नियमही खोटा नाही, दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या वाक्यांना लागू होतात. आधी आपली वाक्ये का चुकतात ते पाहू. मराठीत ‘बस कधी येईल?’ हा प्रश्न आपण जसाच्या तसा उचलून ‘बस कधी येईल ते मला माहीत नाही’ या वाक्यात ठेवतो. त्यातला एकही शब्द जागचा हलत नाही. इंग्रजीत तसे चालत नाही. सरळ प्रश्न विचारताना इंग्रजी ‘विल’, ‘इज’, ‘कॅन’ यांना कर्त्याच्या आधी आणते आणि असे सहायक क्रियापद नसेल तर ‘डू’, ‘डझ’, ‘डिड’ मदतीला घेते. पण तोच प्रश्न ‘नो’, ‘टेल’, ‘आस्क’, ‘रिमेंबर’, ‘एक्स्प्लेन’, ‘डिसाइड’ अशा एखाद्या क्रियापदाचे कर्म झाला की त्याची रचना साध्या विधानासारखी होते. म्हणून ‘कॅन यू टेल मी व्हेअर यू वॉन्ट टू गो’ हे बरोबर, कारण तिथे ‘डू’ला काही कामच उरलेले नाही.

‘डिड’च्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी लागते. काळाराम मंदिर पाहून आलेला पाहुणा विचारतो, ‘व्हाय डिड डॉक्टर आंबेडकर लीड अ सत्याग्रह हिअर इन 1930?’ हाच प्रश्न आपण सहकाऱ्याला सांगताना ‘ही वॉन्ट्स टू नो व्हाय डॉक्टर आंबेडकर लेड अ सत्याग्रह देअर इन 1930’ असे म्हणावे लागते. इथे ‘डिड’ गेला, पण जाताना भूतकाळ मुख्य क्रियापदाकडे सोपवून गेला. ‘लीड’चे ‘लेड’ झाले ते त्यामुळेच. पुष्कळ जण ‘डिड’ काढण्याचे लक्षात ठेवतात आणि क्रियापद मात्र तसेच सोडतात. ऐकणाऱ्याला मग ही गोष्ट आजही चालू आहे की काय, असे वाटू शकते.

आता ‘विल’कडे येऊ. इंग्रजीत ‘व्हेन’ एकच असला तरी मराठीत त्याच्यासाठी ‘केव्हा’ आणि ‘जेव्हा’ असे दोन शब्द आहेत आणि हा भेद आपल्या हाती असलेली उत्तम कसोटी आहे, असे मला मनापासून वाटते. मराठीत मनात ‘केव्हा’ किंवा ‘कधी’ येत असेल, तर तो पोटात घेतलेला प्रश्न आहे आणि त्यात भविष्यकाळासाठी ‘विल’ खुशाल वापरावा. मनात ‘जेव्हा’ किंवा ‘आली की’ येत असेल, तर ते वेळ दाखवणारे वाक्य आहे आणि शाळेतला नियम तिथलाच आहे. आपल्याच कामातले उदाहरण घ्या. ‘आय विल टेल यू व्हेन द बस विल कम’ म्हणजे बस किती वाजता येणार ते मी आपल्याला सांगते. ‘आय विल टेल यू व्हेन द बस कम्स’ म्हणजे साधारणपणे, बस आली की मी आपल्याला कळवते. पहिले वाक्य ऐकून पाहुणा काउंटरपाशीच थांबेल आणि दुसरे ऐकून निर्धास्तपणे खोलीत जाईल, इतका त्यांत फरक आहे. ‘कुठे’ आणि ‘जिथे’ यांनाही हीच कसोटी लावता येते.

मराठीतल्या ‘ते’ आणि ‘हे’ या शब्दांमुळे आणखी एक चूक होते. ‘तो कुठे उतरला आहे ते मला माहीत आहे’ यातल्या ‘ते’साठी काही जण इंग्रजीत ‘दॅट’ घालतात आणि ‘आय नो दॅट व्हेअर ही इज स्टेइंग’ असे म्हणतात. इंग्रजीला तिथे जोडशब्द लागत नाही. ‘व्हेअर’ स्वतःच ते काम करतो.

व्यक्तीचा उल्लेख कसा करायचा हे प्रत्येक क्रियापदानुसार लक्षात ठेवावे लागते आणि इथे सोपी वाट नाही. ‘टेल’ला व्यक्ती हवी असते : ‘टेल मी हाऊ’. ‘आस्क’ व्यक्तीसह आणि व्यक्तीविना दोन्ही प्रकारे चालतो. ‘एक्स्प्लेन’ मात्र व्यक्तीआधी ‘टू’ मागतो. ‘एक्स्प्लेन मी व्हाय’ हे आपल्याकडे सर्रास ऐकू येत असले तरी ‘एक्स्प्लेन टू मी व्हाय’ हेच लिहावे. ‘डिस्कस’नंतर ‘अबाउट’ नको.

प्रश्न : सातपूरच्या कारखान्यातून मी परदेशी ग्राहकांना ई-मेल लिहितो. ‘डू यू थिंक व्हेन द शिपमेंट विल रीच’ असे लिहिले, तर वरिष्ठांनी ते चुकीचे ठरवले. आपल्याच नियमाप्रमाणे शब्दक्रम तर बरोबर आहे. शिवाय ‘हाऊ टू’सारखे ‘व्हाय टू’ लिहिता येते का? — एक वाचक, सातपूर

उत्तर : शब्दक्रम बरोबर आहे, पण क्रियापद चुकले आहे. ‘डू यू नो व्हेन द शिपमेंट विल रीच यू’ याचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असे देता येते, म्हणून ‘डू यू नो’ सुरुवातीला शोभते. ‘थिंक’ने आपण समोरच्याचा अंदाज विचारत आहात, त्याला ‘हो’ म्हणून भागत नाही, तारीखच सांगावी लागते. अशा वेळी इंग्रजी प्रश्नशब्द सर्वांत पुढे आणते : ‘व्हेन डू यू थिंक द शिपमेंट विल रीच यू?’ मराठीत आपण ‘तुम्हाला काय वाटते, माल कधी पोहोचेल?’ असे दोन तुकड्यांत विचारतो, त्यामुळे ही रचना सहजी सुचत नाही. ‘थिंक’चा हा क्रम कागदावर लिहून टेबलावर ठेवावा, इतका तो ई-मेलमध्ये वारंवार लागतो.

‘हाऊ टू’, ‘व्हेअर टू’, ‘व्हेन टू’ हे ‘नो’, ‘डिसाइड’, ‘लर्न’, ‘फरगेट’ अशा क्रियापदांनंतर निःशंक वापरावेत. ‘तिला मशीन चालवता येते’ यासाठी ‘शी नोज टू ऑपरेट द मशीन’ असे न लिहिता ‘शी नोज हाऊ टू ऑपरेट द मशीन’ असे लिहावे. येथे ‘हाऊ’ गाळता येत नाही. ‘व्हाय’ मात्र या पंगतीत बसत नाही. ‘वी डोन्ट नो व्हाय टू चेंज द पॅकिंग’ असे न लिहिता ‘वी डोन्ट नो व्हाय वी शुड चेंज द पॅकिंग’ असे पूर्ण वाक्य करावे.

आपल्या ई-मेलच्या नमुन्यात ‘प्लीज लेट अस नो व्हेअर द इनव्हॉइस इज?’ असे एक वाक्य आहे. त्यातले ‘इज’ योग्य जागी आहे, मात्र ही विनंती असल्याने शेवटी प्रश्नचिन्ह नको, पूर्णविराम द्यावा. त्याच्याच पुढच्या ओळीत आपण ‘वी डोन्ट नो व्हेअर इट्स’ असे लिहिले आहे. वाक्य जिथे ‘इज’वर संपते तिथे त्याचे असे संक्षिप्त रूप इंग्रजीत होत नाही. ‘व्हेअर इट इज’ असे सुटे लिहावे.