गिअर कडक हवाय? आधी तेल बघू

आंब्याचा सीझन संपला की आमच्याकडे ऑटोमॅटिक पिकअपवाले यायला लागतात आणि निम्म्या लोकांचं एकच म्हणणं असतं, गिअर मऊ पडतो, कडक करून द्या. फोनवरही तेच. एकेकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा जमलेले प्रश्न इथे एकत्र घेतो.

इसुझूची व्ही-क्रॉस पिकअप आहे, ऑटोमॅटिक, रत्नागिरीत चालवतो. व्हिडिओत अमेरिकेतला माणूस पाच-सहा हजारांची शिफ्ट किट टाकतो आणि गिअर खाडकन पडतात. आपल्याकडे मागवून टाकता येईल का?

ती किट तुमच्या गाडीची नाही. व्हिडिओत दिसतात ते बहुतेक वेळा जनरल मोटर्सचे जुने 700आर4 किंवा 4एल60ई सारखे गिअरबॉक्स असतात आणि किट त्या-त्या व्हॉल्व्ह बॉडीच्या (गिअरबॉक्समध्ये तेलाला वाट देणाऱ्या ठोकळ्याच्या) मापाने बनवलेली असते. आत असतात वेगळ्या ताकदीच्या स्प्रिंगा, चेक बॉल, कधी सेपरेटर प्लेटची भोकं मोठी करायला ड्रिल. त्याने तेलाचा दाब लवकर आणि जास्त पोचतो, एक क्लच सुटून दुसरा धरेपर्यंतचा घसरण्याचा वेळ कमी होतो, म्हणून शिफ्ट कडक लागते. तत्त्व चांगलंच आहे, पण तुमच्या सहा गिअरच्या बॉक्समध्ये तो दाब कॉम्प्युटर ठरवतो, सोलेनॉइडमधून, म्हणजे विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हमधून, आणि शिफ्टच्या क्षणी इंजिनाची ताकदही तोच थोडी कमी करतो. वर तो शिकत असतो. तुम्ही आत काहीतरी बदललंत तर आठवडाभर धक्के खाल आणि मग तो स्वतःच दाब जुळवून परत मऊ करायला बघेल. नुसती स्प्रिंग बदलून इथे भागत नाही.

माझी छोटी गाडी एएमटी आहे, तिला शिफ्ट किट बसेल?

नाही. एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि साधा क्लच, फक्त दाबायचं काम मशीन करतं. धक्के बसत असतील तर क्लच आणि तो दाबणारा अ‍ॅक्च्युएटर तपासून घ्या.

कोल्हापुरात एकजण वायरिंगमध्ये लावायचा छोटा बॉक्स देतोय, म्हणतो लावला की गिअर एकदम कडक, गिअरबॉक्सचं आयुष्य डबल.

अशा बॉक्समध्ये बऱ्याचदा काय असतं सांगतो, एक रेझिस्टर. तो सोलेनॉइडचा करंट बदलतो, दाब कायम जास्तीत जास्त राहतो. म्हणजे बाजारात दहाच्या स्पीडने चालवतानाही धाड, रिव्हर्स टाकताना धाड, पंपावर आणि सीलवर सतत लोड, आणि कॉम्प्युटरला फॉल्ट दिसला की गाडी लिंप मोडमध्ये, म्हणजे ताकद कमी करून कशीबशी चालणार. आयुष्य डबल कशाने होणार? विकणाऱ्याला एवढंच विचारा, गिअरबॉक्सची गॅरंटी लिहून देणार का.

काका, माझी गाडी फोंडाघाटात लोड घेऊन चढताना तिसऱ्यातून चौथ्यात जाता तेव्हा नुसती रेस होता, फुडे जायत नाय, मगे एकदम पकडता. ह्यां शिफ्ट किटान जाईत काय? सीझन झालो काय येतंय. (देवगड)

सीझन झाल्यावर नको. आत्ता या. हा मऊ शिफ्टचा प्रकार नाही, क्लच घसरतोय, आणि ज्याला घसरणारा गिअरबॉक्स कडक करायचाय तो आजार झाकतोय.

जरा सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त गिअरबॉक्स मी ह्याच कारणाने उघडलेत. ऑटोमॅटिकचा शत्रू उष्णता. घाटात भरल्या गाडीने हळू चढताना टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग, लॉक होत नाही, आतलं तेल नुसतं घुसळत राहतं आणि तापतं. त्यात गाडी डी मध्ये ठेवलीत तर तिसरा-चौथा, तिसरा-चौथा चालू, प्रत्येक वेळी क्लच थोडा घासतो, आणखी तापतं. 80 ते 95 डिग्रीला तेल आरामात असतं, 120 च्या वर रोज जायला लागलं की भराभर म्हातारं होतं. मग दाब नीट धरत नाही, सील कडक होतात, क्लच घसरतो, घसरला की अजून उष्णता. हे चक्र स्वतःहून थांबत नाही. आणि समुद्राकाठच्या गाड्यांचं अजून एक, गिअरबॉक्सचं तेल थंड करणाऱ्या कुलरकडे जाणारे लोखंडी पाइप खारट हवेने गंजतात, जॉइंटला थेंब-थेंब गळतं, मालकाला वाटतं एसीचं पाणी आहे.

गेल्या वर्षी अशीच एक गाडी एप्रिलमध्ये आली होती. पांढऱ्या टिश्यूवर तेलाचा थेंब टाकला, चांगलं तेल लाल पसरतं, ह्याचा मध्ये काळा ठिपका आणि भोवती तपकिरी कडं, वास जळलेल्या टोस्टचा. मी म्हटलं आत्ता सोडा. ते म्हणाले दोनशे पेट्या बाकी आहेत. जूनमध्ये गाडी क्रेनला बांधून आली. पॅन काढला तर तळाच्या चुंबकावर राखाडी लेप होता, तेवढा सगळ्यांच्यात असतो, पण त्यात लोखंडाचे चकचकीत तुकडे आणि क्लचच्या अस्तराचा काळा गाळ बोटाला लागत होता. एप्रिलमध्ये तेल, फिल्टर आणि कदाचित एक सोलेनॉइड एवढ्यात भागलं असतं.

तेव्हा लोड उतरवा, घाट टाळा, आणि स्कॅनर असलेल्या ऑटोमॅटिकच्या माणसाकडे तेलाचं तापमान, फॉल्ट कोड आणि दाब बघून घ्या. त्याआधी कसलीही किट नको.

लाइफटाइम तेल आहे, बदलायचं नाही असं सांगतात. आणि काही म्हणतात बदललं तर गिअरबॉक्स जातो. खरं काय?

दोन्ही ऐकीव. लाइफटाइम म्हणजे कोणाची लाइफ हे कोणी सांगत नाही. आणि तेल बदलल्यावर जो गिअरबॉक्स जातो तो आधीच संपलेला असतो. घाट आणि लोडवाल्या गाडीला मी 60,000 किलोमीटरच्या पुढे जाऊ देत नाही. पॅनमधून एका वेळी साधारण तिसरा हिस्सा ते निम्मंच तेल निघतं, बाकी कन्व्हर्टरमध्ये राहतं, म्हणून दोन-तीनदा बदलावं लागतं. मशीनने जोरात फ्लश करणाऱ्यांपासून जुन्या गाड्या लांब ठेवा. तेल मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच, टोयोटा हायलक्सला टोयोटाचं डब्ल्यूएस तेल म्हणजे डब्ल्यूएसच. बाटलीतलं अ‍ॅडिटिव्ह नको.

मालवणला बोटीचा ट्रेलर ओढतो, रॅम्पवर मागची चाकं पाण्यात जातात. गिअरबॉक्सला काही होईल?

होऊ शकतं. गरम गिअरबॉक्स पाण्यात थंड झाला की ब्रीदरमधून, म्हणजे हवा आत-बाहेर व्हायच्या भोकातून, हवा ओढतो, ब्रीदर बुडालेला असला तर पाणी ओढतो. 22 जुलै 2021 च्या चिपळूणच्या पुरानंतर आलेल्या गाड्यांमध्ये हेच बघितलं, तेल सोलकढीच्या रंगाचं. क्लचच्या प्लेटवर अस्तर गोंदाने चिकटवलेलं असतं, पाण्याने ते सुटतं. तसा रंग दिसला तर स्टार्टर मारू नका, टो करून आणा. रेडिएटरमधला कुलर फुटला तरी तोच रंग येतो, म्हणून कारण शोधल्याशिवाय नुसतं तेल बदलू नका. ब्रीदरची नळी वर घेता येते, हे काम माहितगाराकडूनच.

गाडी ठणठणीत, तेल बदललंय, तरी शिफ्ट थोडी घट्ट हवी. योग्य रस्ता कुठला?

आधी सर्व्हिस सेंटरला सॉफ्टवेअर अपडेट आहे का विचारा आणि कॉम्प्युटरने शिकलेली व्हॅल्यू रीसेट करून घ्या, कितीतरी जणांचं समाधान इथेच होतं. मग जास्तीचा कुलर. तरी हवंच असेल तर व्हॉल्व्ह बॉडी आणि ट्यूनिंग दोन्ही एकत्र करणारा माणूस, वॉरंटी असेल तर कंपनीकडून लेखी उत्तर घेतल्यावरच. ऑटोमॅटिक हायलक्स 500 न्यूटन मीटर टॉर्क देते, तो झटक्याने सोडलात तर युनिव्हर्सल जॉइंट, माउंटिंग, डिफरन्शियल सगळ्यांना बसतो. आणि पावसात रिकाम्या पिकअपची मागची बाजू हलकी असते, जांभ्याच्या लाल चिखलात वळणावर कडक शिफ्ट पडली तर चाक सुटतं. तुमच्या चालवण्याला किती कडक चालेल ते गाडी चालवून बघितल्याशिवाय मी सांगणार नाही.

घाट उतरताना एन मध्ये टाकलं तर डिझेल वाचतं ना?

नाही. गिअरमध्ये उतरताना इंजिन डिझेल घेणंच बंद करतं, एन मध्ये चालू राहायला घेतं. वर ब्रेक तापतात. मॅन्युअल मोडला दुसरा किंवा तिसरा धरा आणि उतरा.