ॲरिस्टॉटल इतक्या ठिकाणी चुकला, तरी त्याला एवढा मान का?

तुमच्या प्रश्नात त्याच्यावर दोन आरोप आहेत. बायकांना पुरुषांपेक्षा कमी दात असतात असं त्याने लिहिलं, आणि जड वस्तू हलक्या वस्तूपेक्षा लवकर खाली पडते असं शिकवलं. दोन्ही आरोप खरे आहेत. पण त्याच्या चुका नुसत्या मोजण्यात अर्थ नाही. प्रत्येक चूक कुठून आली ते पाहिलं तर माणूस कळतो.

चरित्र थोडक्यात. जन्म इ.स.पू. 384, उत्तर ग्रीसमधल्या स्टॅगिरा गावी. बाप मॅसिडोनच्या राजाचा वैद्य. सतराव्या वर्षी तो अथेन्सला प्लेटोच्या अकादमीत आला आणि वीस वर्षं तिथेच राहिला. प्लेटो गेल्यावर आधी आशिया मायनरच्या किनाऱ्यावर ॲसॉस, मग लेस्बॉस बेट. इ.स.पू. 343 मध्ये मॅसिडोनच्या फिलिप राजाने त्याला आपल्या मुलाला, म्हणजे अलेक्झांडरला, शिकवायला बोलावलं. 335 मध्ये अथेन्सला परतून त्याने लायसियम ही शाळा काढली. 323 मध्ये अलेक्झांडर वारला आणि अथेन्समध्ये मॅसिडोनच्या माणसांवर राग निघू लागला. ॲरिस्टॉटलवर देवनिंदेचा आरोप आला, म्हणून तो कॅल्किसला निघून गेला आणि पुढच्याच वर्षी तिथे वारला. लोक त्याला अलेक्झांडरचा गुरू म्हणून ओळखतात, पण माझ्या मते त्याच्या आयुष्यातला कळीचा काळ लेस्बॉसचा. तिथल्या पिरा नावाच्या खाडीतले मासे आणि शिंपले त्याच्या प्राणिशास्त्रात वारंवार येतात.

आता दात. ‘प्राण्यांचा इतिहास’ या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात तो म्हणतो की माणूस, मेंढी, बकरी आणि डुक्कर यांच्यात नराला जास्त दात असतात, बाकीच्या प्राण्यांचं अजून पाहिलेलं नाही. दोनदा लग्न करूनही याला बायकोचं तोंड उघडून बघायचं सुचलं नाही, अशी विसाव्या शतकातल्या बर्ट्रांड रसेल या तत्त्वज्ञाने त्याची टर उडवली. (दुसरं खरंच लग्न होतं का, हा वेगळा वाद.) टर रास्तच आहे. गंमत म्हणजे घोड्यांत ही गोष्ट खरी आहे. नराला साधारण 40 दात असतात आणि घोडीला सुळे सहसा नसल्यामुळे 36. पण घोडा त्याच्या यादीतच नाही! तिथेच पुढे अक्कलदाढेबद्दल लिहिलंय की ती विशीत येते, पण ऐंशीच्या बाईलाही आल्याची उदाहरणं आहेत. म्हणजे माहिती गोळा होत होती, पण थोड्या तोंडांवरून नियम बांधला गेला असावा.

त्याची खरी ताकद बघायची तर त्याच ग्रंथाच्या सहाव्या भागातलं कोंबडीच्या अंड्याचं वर्णन वाचा. रीत सोपी आहे. कोंबडीखाली एकाच दिवशी वीसेक अंडी ठेवायची आणि रोज एक फोडून बघायचं. हिप्पोक्रेटस या ग्रीक वैद्याच्या परंपरेतल्या एका वैद्यक ग्रंथात ती आधीच दिलेली आहे. ॲरिस्टॉटल लिहितो की तीन दिवस आणि तीन रात्री झाल्यावर पहिली खूण दिसते. रक्ताचा एक ठिपका, आणि तो जिवंत असल्यासारखा उडत असतो. ते हृदय. त्यातून दोन रक्तवाहिन्या निघतात. मग मोठं डोकं, फुगलेले डोळे. दहाव्या दिवशी सगळं पिल्लू ओळखू येतं. विसाव्या दिवसाच्या सुमारास अंडं उघडून पिल्लाला हात लावला तर ते हलतं आणि चिवचिवतं. लहान पक्ष्यांत हे लवकर होतं आणि मोठ्यांत उशिरा, हेही तो नोंदवतो. हृदयाची धडधड प्रत्यक्षात दुसऱ्याच दिवशी सुरू होते, पण भिंगाशिवाय ती तिसऱ्या दिवसाच्या आसपासच दिसते. म्हणजे डोळ्यांना दिसलं ते त्याने बरोबर लिहिलं.

आणि इथूनच त्याची सगळ्यात मोठी चूक निघते. आधी हृदय दिसतं, म्हणजे आधी हृदय बनतं, म्हणजे जाणीव आणि संवेदना यांचं घर हृदय. मग मेंदू कशाला? तर रक्ताची उष्णता कमी करायला. मेंदू हाताला थंड लागतो, त्यात रक्त दिसत नाही, त्याला स्पर्श केला तरी प्राण्याला काही कळत नाही, ही त्याची कारणं. मज्जासंस्थेचा पाया अंड्यात हृदयाच्याही आधी पडतो, पण ती पेशींची पट्टी नुसत्या डोळ्याला कळत नाही, रक्त मात्र लाल असतं. पाहणी पक्की होती, तर्कही सरळ होता. साधन नव्हतं.

ईल माशाचंही तसंच. कापून पाहिलं तर ना अंडी, ना नराचं वीर्य, म्हणून हा मासा चिखलातून जन्मतो असं त्याने ठरवलं. ईलचे प्रजननाचे अवयव तो समुद्राकडे निघाल्यावरच वाढतात. 1876 मध्ये तरुण सिग्मंड फ्रॉइड त्रिएस्तेला शेकडो ईल कापत बसला होता तो याच कोड्यापायी. उलट एका जातीच्या मुशीचं पिल्लू आईच्या पोटात नाळेने जोडलेलं असतं, हे ॲरिस्टॉटलचं म्हणणं लोकांनी थाप समजून सोडून दिलं होतं. 1842 मध्ये योहानेस म्युलर या जर्मन शास्त्रज्ञाने ते खरं ठरवलं.

पडणाऱ्या वस्तूंचं तुम्ही घरीच करून बघू शकता. ॲरिस्टॉटल बोलतो ते हवा-पाण्यासारख्या माध्यमातल्या हालचालीबद्दल. निर्वात पोकळी त्याच्या मते असूच शकत नव्हती. रुंद काचेच्या बरणीत 20 सेंटिमीटर एरंडेल घ्या आणि बेअरिंगचे 2 आणि 4 मिलिमीटरचे पोलादी छर्रे सोडा. लहान छर्‍याला खोलीच्या तापमानानुसार साधारण सहा ते दहा सेकंद लागतील आणि मोठा त्याच्या चौथ्या हिश्श्यात तळाला जाईल. जड आधी, हे खरंच दिसतं. पण वेग वजनाच्या प्रमाणात वाढतो हे त्याचं गणित इथेही बसत नाही, कारण वजन आठपट आणि वेग जेमतेम चौपट. छर्रे आधी तेलात बुडवून घ्या, नाहीतर चिकटलेले हवेचे बुडबुडे त्यांना अडवतात. अरुंद नळी घेऊ नका, तिच्या भिंतींमुळे मोठा छर्रा जास्त मंदावतो. दोन्ही मोजमापं लागोपाठ घ्या, कारण गरम झालं की एरंडेल झपाट्याने पातळ होतं. हवेत तर त्याचं गणित पारच कोसळतं. हे गॅलिलिओच्या हजारएक वर्षं आधी, सहाव्या शतकात, अलेक्झांड्रियाच्या जॉन फिलोपोनस या तत्त्वज्ञाने लिहून ठेवलं होतं.

मग दोन हजार वर्षं कोणी हललं का नाही? एक तर हलले होते, फिलोपोनस त्यातलाच. दुसरं म्हणजे बगदादच्या अरबी अनुवादांतून, स्पेनमधल्या कॉर्डोबाच्या इब्न रुश्द या तत्त्वज्ञाच्या भाष्यांतून आणि पुढे लॅटिनमधून तो युरोपच्या विद्यापीठांत पोचला तो अभ्यासक्रम म्हणून. 1210 मध्ये पॅरिसला त्याच्या निसर्गविषयक ग्रंथांवर बंदी होती आणि त्याच शतकात ते परीक्षेला लागले. परीक्षेला लागलेल्या पुस्तकाशी विद्यार्थी भांडत नाही. पण मधमाश्यांच्या प्रजननावर लिहिताना ॲरिस्टॉटल स्वतः सांगतो की पुरेशी माहिती अजून हाती नाही, आणि ती मिळाली की सिद्धान्तापेक्षा निरीक्षणावर भरवसा ठेवावा.

एका ठिकाणी मात्र त्याला साधनांची सबब देता येत नाही. काही माणसं जन्मतःच गुलाम असतात, हे ‘राजनीती’च्या पहिल्या भागातलं म्हणणं. गुलाम त्याच्या घरातच होते. आपल्या मृत्युपत्रात त्यातल्या काहींना मुक्त करायला तो सांगतो, पण सिद्धान्त बदलत नाही. 1550 मध्ये स्पेनमधल्या वायादोलिदच्या वादात सेपुल्वेदा या विद्वानाने अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांविरुद्ध हाच युक्तिवाद वापरला.

वाचायचं असेल तर अंड्याच्या त्या प्रकरणापासून सुरुवात करा, मग ‘निकोमाखसचं नीतिशास्त्र’ घ्या. काव्यशास्त्राचा मराठी अनुवाद विंदा करंदीकरांनी केलेला आहे. भाषा रुक्ष वाटेल, कारण उरलंय ते बहुतेक वर्गातल्या टिपणांसारखं आहे. लोकांसाठी लिहिलेले त्याचे संवाद हरवले. आणि व्हॉट्सॲपवर त्याचं वचन आलं की 1094a असा बेकर क्रमांक मागा. 1831 च्या बर्लिन आवृत्तीतलं ते पान आणि रकाना असतो, पुढे ओळीचा आकडाही येतो, आणि कुठल्याही चांगल्या अनुवादाच्या समासात तो छापलेला असतो. ‘आपण वारंवार जे करतो तेच आपण असतो’ या वचनाला असा क्रमांक मिळणार नाही. ते वाक्य 1926 मधलं, अमेरिकन लेखक विल ड्युरंटचं आहे.