मोठे टायर टाकलेत, आता क्राऊन-पिनियन बदलायचं का?

प्रश्न : दादा नमस्कार, मूळचा सांगलीचा, सध्या डेन्व्हर, कोलोराडो. माझ्याकडे जीप ग्लॅडिएटर स्पोर्ट आहे, ३.६ पेट्रोल, ऑटोमॅटिक, अ‍ॅक्सल रेशो ३.७३. हौसेने ३५ इंची टायर टाकले, गाडी दिसते एक नंबर, पण आय-७० हायवेने डोंगरात निघालं की सारखी गिअर खाली-वर करते आणि आठवा गिअर तर लागतच नाही. मित्र म्हणतो ४.१० टाक, दुकानवाला म्हणतो ४.८८. कोणाचं ऐकू? आणि फक्त मागचा अ‍ॅक्सल केला तर चालेल का, निम्मे पैसे वाचतील.

उत्तर : शेवटचं आधी सांगून टाकतो, नाही चालणार. फोर बाय फोर लावलं की तुमची ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच वेगाने फिरवते, मग मागे समजा ४.५६ आणि पुढे ३.७३ असेल तर दोन्हीकडची चाकं वेगवेगळ्या स्पीडने पळायला बघणार. चिखलात चाकं घसरून भागेल पण डांबरावर किंवा खडकावर काहीतरी तुटणार आणि अशा वेळी तुटतं ते महागडंच. टू-व्हील ड्राइव्हमध्ये गॅरेजपर्यंत नेणं वेगळं. एकच अ‍ॅक्सल करायचे पैसे असतील तर थांबा, दोन्हीचे जमू द्या.

आता हिशोब. ३.७३ म्हणजे चाक एकदा फिरायला शाफ्ट ३.७३ वेळा फिरतो, कारण क्राऊनला (चाकांना फिरवणाऱ्या मोठ्या दातेरी गिअरला) ४१ दाते आणि पिनियनला (शाफ्टच्या टोकाच्या छोट्या गिअरला) ११. तुमच्या गाडीचा कंपनीचा टायर २४५/७५ आर १७, म्हणजे उंची साडेएकतीस इंच. मोठा टायर एका फेऱ्यात जास्त अंतर कापतो, म्हणून इंजिनाच्या दृष्टीने तुमचा ३.७३ आता ३.३६ झालाय. सायकलने घाट चढताना मागची सगळ्यात छोटी चकती लावल्यावर मांड्यांचं जे होतं तेच इंजिनाचं होतंय. उलटं गणित पण सोपं आहे, जुना गिअर गुणिले नवा टायर भागिले जुना टायर, ३.७३ × ३५ ÷ ३१.५ = ४.१४.

म्हणजे मित्र बरोबर? कागदावर हो. ४.१० ने तुम्ही जिथे होतात तिथे परत याल, पण ते हलक्या टायरच्या हिशोबाने, आणि ३५ चा टायर नुसता उंच नाही तर रुंद आणि जड पण असतो, त्याला फिरवायला आणि थांबवायला दोन्हीला जोर लागतो. त्यात तुम्ही राहता कुठे, ५२८० फुटांवर, आणि आय-७० वरच्या आयझेनहॉवर टनेलला जाईपर्यंत ११ हजार फूट ओलांडता. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटाला साधारण ३ टक्के ताकद गमावतं, तर तुमच्या २८५ हॉर्सपॉवरमधला जवळपास तिसरा हिस्सा टनेलच्या तोंडाशी विरळ हवेनेच खाल्लेला असतो, वर ७ टक्क्यांपर्यंतचा चढ. म्हणून मी ४.५६ म्हणेन. जीपने स्वतः रँग्लर रुबिकॉनला कंपनीतून ३५ चे टायर दिले, एक्स्ट्रीम रिकॉन पॅकेजमध्ये, तेव्हा ४.५६ च लावला होता.

हायवेवर इंजिन बोंबलेल अशी भीती असते, तर आकडे बघा. आठव्यात ७० मैलाला मूळ गाडी साधारण १८७० आरपीएमला होती, आत्ता १६८० ला येते (म्हणून आठवा टिकत नाही, तिथे जोरच नाही), ४.५६ ने २०५० होईल, ४.८८ ने २२००. ४.८८ वाईट नाही, पण तो ३७ चे टायर किंवा मागे जड ट्रेलर असेल त्यांनी घ्यावा. शिवाय आकडा वाढतो तसे पिनियनचे दाते कमी होतात, ४.५६ ला ९, ४.८८ ला ८, पिनियन बारीक होत जातो. लो रेंजला (खडक-चिखलासाठीचा हळू पण जोरदार टप्पा) फायदा दोन्हीत आहेच, ४.५६ ने तुमचा पहिल्या गिअरचा एकूण रेशो ४८ वरून ५८ वर जातो.

तरी माझं ऐकाल तर गिअर कुठला यापेक्षा बसवणार कोण याच्यावर डोकं लावा. पिनियन किती आत बसवायचा ते पातळ शिम (पत्र्याच्या चकत्या) टाकून ठरतं, मग बेअरिंगचा प्रीलोड (किती घट्ट दाबून बसवायचं ते), मग क्राऊन आणि पिनियनमधला बॅकलॅश (दात्यांमधली मोकळी फट), जो साधारण ६ ते १० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) असतो, म्हणजे जास्तीत जास्त मिलिमीटरचा चौथा हिस्सा. शेवटी दात्यांवर पिवळा रंग लावून फिरवून बघतात की घासल्याची खूण दात्याच्या मधोमध येते का, नाही आली तर परत खोला, शिम बदला, परत बसवा. जो माणूस हे सगळं अंदाजपंचे उरकतो त्याच्याकडे भारीतला भारी सेट पण ओरडतो. दुकानात विचाराच, पॅटर्नचे (त्या घासल्याच्या खुणेचे) फोटो देणार का, बेअरिंग नवे टाकणार का, बॅकलॅश मोजायला डायल इंडिकेटर लावता का. नुसतं हसून "आम्ही शेकडो केलेत" म्हणाला तर दुसरं दुकान बघा. मजुरी गिअरच्या किमतीएवढी किंवा जास्त होते, तिथे घासाघीस करू नका. वॉरंटी चालू असेल तर अ‍ॅक्सलच्या क्लेमला डीलर तोंड वाकडं करेल हेही धरून चला.

नंतर दोन कामं राहतात. कॉम्प्युटरला नवा टायर आणि नवा रेशो दोन्ही सांगायचे, त्यासाठी प्रोग्रामर नावाचं उपकरण मिळतं. आत्ता काट्यावर ६० दिसतं तेव्हा तुम्ही जवळपास ६७ ने पळताय, दंड झाला तर पोलिसाला हे गणित समजावत बसू नका. आणि नवे गिअर सेट होऊ द्यायचे, पहिल्या वेळी १५-२० मैल हळू चालवून अर्धा तास पूर्ण गार होऊ द्या, असं दोन-तीनदा, ५०० मैल ट्रेलर नाही, मग तेल बदला. त्या तेलात चमकणारा बारीक चुरा दिसेल, घाबरू नका, तुकडे दिसले तर घाबरा.

प्रश्न : सर, नाशिकहून. थारचा बेस व्हेरियंट आहे, १६ चे टायर. टॉप मॉडेलचे १८ चे टाकले तर क्राऊन-पिनियन पण बदलावं लागेल का? एक गॅरेजवाला ३३ इंची टाका म्हणतोय.

उत्तर : रिमचा आकडा बघून फसू नका. २४५/७५ आर १६ ची उंची साडेतीस इंच, २५५/६५ आर १८ ची ३१ च्या आसपास. फरक २ टक्के, गाडीला कळणार पण नाही, गिअरला हात लावू नका. ३३ चं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, कंपनीने दिलेल्या स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल चालत नाही, आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलंय. अपघात झाला की इन्शुरन्सवाला पहिला टायरच बघतो. गॅरेजवाला तेव्हा फोन उचलत नाही.

प्रश्न : ह्यूस्टनहून. जुन्या पिकअपचे गिअर बदलले, आता ५५-६० ला मागून घूंऽऽ असा आवाज येतो. दुकानवाला म्हणतो जाड तेल टाका, जाईल.

उत्तर : जाड तेलाने आवाज दबतो, कारण जात नाही. एक करा, त्याच स्पीडला अ‍ॅक्सिलरेटर दाबून ऐका आणि मग पाय काढून ऐका. फक्त एकाच वेळी येत असेल तर बहुतेक पिनियनची खोली किंवा बॅकलॅश चुकलाय. दोन्ही वेळी सारखी घरघर असेल तर बेअरिंगचा संशय घ्या. कव्हर उघडून पॅटर्न बघायला लावा, तुमच्यासमोर, आणि तोवर ट्रेलर ओढू नका.